प्रार्थनेचा विषय

देवाबद्दल बोलायला मी कधीच लाजले नाही. लाजण्यासारखं त्यात आहे तरी काय? लोक जावयाच्या नोकरीबद्दल बोलतात, गुडघ्यांबद्दल बोलतात, रावेरच्या केळीला काय भाव मिळाला याबद्दल तर अख्खी एसटी बोलत असते. मग ज्याने मला आजवर सांभाळलं त्याच्याबद्दल मीच तेवढी गप्प का बसू? माझं माहेर धुळ्याचं. आजोबांच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती. लग्न होऊन जळगावला आले त्याला एकतीस वर्षं झाली, आणि पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत मला सगळे दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक, माझं पिको-फॉल आणि ब्लाउजचं काम. दुसरं, माझं तोंड.

मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी आहे. बाई साडी घेऊन येते, बसते, आणि बसली की बोलायला लागते. सासू, नवरा, पोराचं ॲडमिशन, पाठीतली चमक. मी फॉल लावता लावता सगळं ऐकते आणि शेवटी विचारते, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" आजवर एकीनेही नाही म्हटलेलं नाही. बौद्ध घरातल्या, लेवा पाटलांच्या, मारवाड्यांच्या, सगळ्या बायका हो म्हणतात. मी मशीन थांबवते, डोळे मिटते आणि सुरू करते. माझी प्रार्थना जरा लांबते हे खरं आहे. आमचे हे म्हणतात, "तू जेवणाआधी प्रार्थना करतेस तेव्हा वरणावर साय धरते."

आमचे हे म्हणजे अगदी उलटा माणूस. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी जाऊन चर्चमधली बाकं पुसतात, पिण्याचं पाणी भरतात आणि सगळ्यात मागे बसतात. पाळकसाहेब दर महिन्याला विचारतात, कोणाला साक्ष द्यायची आहे? देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात. मी दरवेळी उठते. हे कधीच उठले नाहीत. मी चिडून म्हणायचे, "शिष्य म्हणवून घेता आणि तोंडाला कुलूप?" त्यावर ते म्हणायचे, "तू दोघांचं बोलतेस ना, झालं तर."

आमच्या मागच्या भिंतीला लागून भाभींचं घर. पुढच्या बाजूला त्यांच्या यजमानांचं, म्हणजे शेठजींचं, किराणा दुकान, मागे घर. मूळचे राजस्थानचे, जैन, पण तीन पिढ्या जळगावात. सगळी कॉलनी त्यांना भाभी म्हणते, मीही. बारा वर्षांचा शेजार. नाताळात मी त्यांच्यासाठी बिनअंड्याचा केक वेगळा करते, आणि दरवर्षी तो हातात घेताना त्या विचारतातच, "ताई, अंडं नाही ना?" पर्युषणात त्यांचा उपवास असला की मी माझ्या खिडकीशी फोडणी करत नाही, वास जाऊ नये म्हणून. भिंतीवरून मी त्यांना येशूच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. त्या मन लावून ऐकायच्या, "अच्छी बात आहे ताई" म्हणायच्या आणि पूजेची थाळी घेऊन मंदिरात जायच्या.

आता खरं ते सांगते. मनातून मला वाटायचं, ही बाई एक दिवस आमच्या चर्चमध्ये बसेल आणि त्या दिवशी माझ्यासारखी साक्ष दुसऱ्या कोणाकडे नसेल. शेजारणीवर माझा जीव होता, तो खोटा नव्हता. पण त्यात मोठेपणा मिळवायची हावही होती.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. भाभींनी स्वतःसाठी तीन ब्लाउज शिवायला आणले. मी टेप घेतला. छाती, कंबर, मुंढा, बाही. डाव्या मुंढ्याशी टेप फिरवताना माझी बोटं लागली आणि भाभींनी अंग चोरलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "डावीकडे जरा ढिलं ठेवा ताई."

शिवणारीला शरीर कळतं. मी टेप खाली ठेवला आणि दार लावून घेतलं. विचारलं, "कधीपासून आहे?"

चार महिन्यांपासून होती. छातीत डावीकडे, काखेजवळ गाठ. कोणाला सांगितलं नव्हतं. शेठजींनाही नाही. म्हणाल्या, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. मुलाकडच्यांना कळलं तर म्हणतील, आईला आहे तर उद्या मुलीलाही होईल. "आणि ह्यांना सांगितलं तर ह्यांच्या तोंडावर दिसेल. ह्यांना लपवता येत नाही काही."

लग्नाला अजून तीन महिने होते. मी दोन तास भांडले त्यांच्याशी. गाठ लग्नाचा मुहूर्त बघून वाढत नाही असं म्हणाले, मुलीच्या पाठवणीला आई धड हवी की नको असं म्हणाले, आणि जे जे तोंडाला येईल ते सगळं बोलले. शेवटी भाभी रडल्या आणि कबूल झाल्या. फक्त तपासणी, फक्त माझ्याबरोबर, येत्या सोमवारी. घरी सांगायचं, ताईंबरोबर अस्तराचं कापड आणायला जातेय. जाताना दारात त्यांनी माझा हात धरला. "कोणाला नाही ना सांगणार?"

"देवाला सांगेन," मी म्हणाले. त्या हसल्या. "त्याला सांगा."

तो गुरुवार होता, आणि गुरुवारी आमच्या चर्चच्या बहिणींची प्रार्थना साखळी असते. जळगाव आणि धुळे मिळून चाळीसेक बायका, मोबाइलवर ग्रुप आहे. संध्याकाळी जिने तिने आपले प्रार्थनेचे विषय टाकायचे आणि मग सगळ्यांनी आपापल्या घरी गुडघे टेकायचे. नाव लिहायचं नाही असा नियम आहे. नियम चांगला आहे, पण आम्ही तो कसा पाळतो बघा. नाव सोडून बाकी सगळं लिहितो. मीही लिहिलं: "पिंप्राळ्यातील एक जैन बहीण, माझी शेजारीण, किराणा दुकान आहे, मुलीचं लग्न ठरलंय. छातीत गाठ आहे, घरी कोणाला माहीत नाही. सोमवारी तपासणी. देवाने आपलं सामर्थ्य दाखवावं आणि या घराला तारण मिळावं." तारण म्हणजे आमच्या भाषेत उद्धार, प्रभूकडे येणं.

हे बाजूला बसून पेपर वाचत होते. त्यांनी वाकून स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "लिहू नकोस ते."

"नाव कुठे लिहिलंय?" मी म्हणाले आणि पाठवून दिलं. चाळीस आमेन आले. मला फार बरं वाटलं.

शनिवारी दुपारी आमच्याच साखळीतली एक बहीण, मनाने अगदी साधी बाई, शेठजींच्या दुकानात साबुदाणा घ्यायला गेली. शेठजी वजन करत होते. ती अतिशय मायेने म्हणाली, "भाऊ, काही काळजी करू नका. भाभींच्या गाठीसाठी जळगाव-धुळ्याच्या आम्ही सगळ्या बहिणी प्रार्थना करतोय."

शेठजींनी तिला साबुदाणा दिला, दुकानाचं शटर ओढलं आणि आत गेले. शनिवारच्या भर दुपारी ते शटर बंद झालेलं मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. ती बहीण तिथून सरळ माझ्याकडे आली आणि झालेलं सगळं तिने मला सांगितलं. भिंतीपलीकडून आवाज ऐकू आले नाहीत. आले असते तर बरं झालं असतं.

तासाभराने भाभी पुढच्या दाराने आल्या. एरवी त्या मागच्या दारानेच येतात. म्हणाल्या, "माझे ब्लाउज द्या."

"भाभी, अजून बाह्या जोडायच्यात—"

"तसेच द्या."

मी कापलेले तुकडे पिशवीत भरले. भाभी आवाज न चढवता बोलल्या, त्यामुळे एकेक शब्द लागला. "मी कोणाला सांगितलं नव्हतं ताई, आईलाही नाही. तुमच्या हाताला कळलं, म्हणून तुम्हाला सांगितलं. ह्यांनी आज मला विचारलं, साबुदाणा घेणारीला ठाऊक आहे आणि मला नाही? काय सांगू त्यांना?" मग पिशवीला गाठ मारत म्हणाल्या, "सोमवारी मी येणार नाही. कुठेच जाणार नाही आता. लग्न होईपर्यंत मला कोणी हात लावायचा नाही."

दार लोटून त्या गेल्या. चार महिने आधीच गेले होते, आता आणखी तीन जाणार होते, आणि ते माझ्यामुळे.

पण माणूस मोठा लबाड असतो. मला आधी राग आला तो साबुदाणेवालीचा. मग ग्रुपचा. मग ह्यांचा, कारण हे काहीच बोलले नाहीत, 'मी सांगितलं होतं' एवढंही म्हणाले नाहीत. रविवारी उपासनेत बसून मी देवाशीही हुज्जत घातली. मी काय चोरी केली? चहाडी केली? प्रार्थनाच मागितली ना? उपासना संपली आणि मी तशीच धुळ्याची एसटी पकडली. आईकडे जाऊन मोकळं व्हायचं होतं, तिच्याकडून दोन गोड शब्द ऐकायचे होते.

माझी आई ऐंशीच्या घरात आहे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, मोबाइलला हात लावत नाही, आणि आयुष्यभर आमची अहिराणीच बोलते. ती ओसरीवर गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं, माझ्या बाजूने जितकं गोड करता येईल तितकं करून. ती खडे काढत राहिली. मग म्हणाली, "तू बठ्ठासले सांगं. तिले ईचारं का?"

मी म्हणाले, "अगं, सगळ्यांना सांगितलं ते प्रार्थनेसाठी."

"देवले सांगाले मोबाइल कसाले जोयजे?"

मी म्हणाले, आई, मोबाइल यासाठी हवा, की जितक्या जास्त बायका प्रार्थना करतील तितकं—

"तिनं दुख तिनं शे, तुनं नही," आई म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती रागावली होती, आणि या वयातही तिच्या रागाने माझी पाचावर धारण बसते. "जाय, तिनी माफी मांग. मनाकडे काय देखी राहिनी?"

तिच्याकडे बघत बसलेल्या मला तिने जेवायलाही थांबवलं नाही. परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी आईवर चिडलेलीच होते. पारोळ्याच्या पुढे मला रडू आलं. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, काय झालं? मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, काही नाही.

त्या एसटीत बसून मला जे कळलं ते लाजिरवाणं होतं. भाभींनी विश्वासाने माझ्या हातात जे ठेवलं, ते मी माझं म्हणून मिरवलं. चाळीस आमेन भाभींना मिळाले नव्हते, मला मिळाले होते. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की माझा प्रभू कोणाची लाज चव्हाट्यावर मांडत नाही. आणि मी, त्याची शिष्य, काय केलं होतं?

सोमवारी सकाळी मी आधी ग्रुपवर लिहिलं. दोनच ओळी. गुरुवारचा विषय माझा नव्हता, विचारल्याशिवाय टाकला, मी चुकले. कृपा करून त्याबद्दल कोणाशीही, अगदी आपसातही बोलू नका. या वेळी आमेन कमी आले. मग दुकानात गेले. शेठजी एकटेच होते. मी बायबलची वचनं पाठ असलेली बाई आहे, कुठल्याही प्रसंगाला माझ्याकडे एक वचन तयार असतं. त्या दिवशी एकही तोंडातून काढायचं नाही असं मी ठरवूनच गेले होते.

"भाऊ, तुमच्या घरातली गोष्ट मी बाहेर सांगितली. तुमच्या आधी परक्यांना कळली. माफ करा."

शेठजींनी तराजूचं पारडं पुसलं. सावकाश म्हणाले, "ताई, प्रार्थनेला माझी ना नाही. आमचे महाराजसाहेब येतात, मांगलिक पाठ ऐकवतात, तुम्ही तुमच्या देवाला सांगा. पण पंचवीस वर्षांचा संसार आहे माझा. मला शेवटी कळलं." त्यांचे डोळे भरले होते. भाभी खरंच बोलल्या होत्या, त्यांच्या तोंडावर सगळं दिसत होतं. "तुमच्याबरोबर जायला तयार होती. आता माझंही ऐकत नाही. दोन दिवस झाले, काही बोलतच नाही."

मी मागच्या दाराने गेले. भाभी गवारीच्या शिरा काढत बसल्या होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मी पायरीवरच बसले.

"मी चुकले भाभी," मी म्हणाले. "तुमची गोष्ट होती, मी माझी केली. मला तुमच्यापेक्षा माझं नाव मोठं करायचं होतं. यात प्रार्थनेचा दोष नाही, माझा आहे."

"झालं बोलून?"

"झालं."

"मग जा."

मी गेले. आणि खरं सांगू, जाताना मला राग आला नाही. रागावून घरी बसण्याचा मला हक्कच नव्हता, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. काही बोलले नाही. भाभींच्या पापडांचं पीठ मळलेलं होतं, मी हात धुऊन लाट्या करायला बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. गप्प बसणं माझ्या जिवावर येतं, ते कॉलनीत कोणालाही विचारा. पण बसले. चौथ्या दिवशी भाभी म्हणाल्या, "कोणी माझ्याबद्दल विचारतं का तुम्हाला?"

"विचारतात."

"काय सांगता?"

"भाभींना विचारा म्हणते."

त्यांनी पापड उन्हात पसरले. मग पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाल्या, "सोमवारी नऊला रिक्षा सांगा. हेही येतील."

दवाखान्यात आम्ही तिघं एका बाकावर बसलो, भाभी मध्ये. आत सुई घालून गाठीतला कण काढून तपासणार होते. शेठजींनी फाइल छातीशी इतकी घट्ट धरली होती की तिचा कोपरा दुमडला. नंबर जवळ आला तशा भाभींचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुमची प्रार्थना करा."

मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात सुरू केली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"तशी नाही. मला ऐकू येईल अशी. माझ्याबद्दल देवाला जे सांगायचं ते माझ्यासमोर सांगा."

अर्धा तास प्रार्थना करणारी बाई मी. आजूबाजूला पंधरा माणसं बसली होती. मी हळूच म्हणाले, "प्रभू, भाभींना भीती वाटते आहे. भाऊंना वाटते, मलाही वाटते. तू त्यांच्याबरोबर आत जा. आमेन."

"एवढंच?" भाभी म्हणाल्या.

"एवढंच."

"मोबाइलवर तर केवढं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून आत गेल्या. शेठजी रडता रडता हसले.

भाभी आजही जैन आहेत, आजही मंदिरात जातात. मी आजही येशूबद्दल सगळ्यांना सांगते, त्यात तसूभर फरक पडलेला नाही आणि पडणारही नाही. फक्त साक्ष देताना आता स्वतःचीच देते, आणि गेल्या महिन्यात भाभींना विचारून जी दिली ती हीच, माझ्या चुकीची. त्या दिवशी उपासनेनंतर तिघी जणी येऊन मला म्हणाल्या, आम्हालाही कोणाची तरी माफी मागायची आहे.

हे लिहिण्याआधीही मी भाभींना विचारलं, आणि लिहून झाल्यावर अख्खं वाचून दाखवलं. मुलीचं लग्न आता होऊन गेलं आहे, तिच्या सासरी भाभींनी स्वतः सगळं सांगितलं आहे, त्यामुळे त्यांची हरकत नव्हती. दोन ठिकाणी त्यांनी काट मारायला लावली, ती मी मारली. दवाखान्याचा भाग ऐकताना दोनदा डोळे पुसले. मग मी म्हणाले, आता रिपोर्ट काय आला ते लिहिते आणि संपवते.

"ते नाही लिहायचं," भाभी म्हणाल्या.

"चांगला असला तरी?"

"चांगला असो, वाईट असो. ते ज्याला सांगायचं त्याला मी सांगेन."

रिपोर्ट काय आला ते मला ठाऊक आहे. सांगायला माझी जीभ आत्तासुद्धा शिवशिवते आहे. पण मी सांगणार नाही.